पडला की पाडला? फ्लॉपिंगच्या दंडातील विषमता
(वाचकांचे प्रश्न)

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत फाउल मिळवण्यासाठी खेळाडू पडण्याचे सोंग करतात, त्याला फ्लॉपिंग म्हणतात. या सोंगाची शिक्षा कधी होते आणि कधी होत नाही, याचा मेळ वाचकांना लागत नाही. त्यामुळे या अंकातील सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हापासून आमच्या घरात एनबीए पाहण्याची सवय लागली. हल्लीच एका सामन्यात जरासा धक्का लागताच एक बचावपटू हात पसरून मागे कोसळला आणि पंचांनी त्यालाच तांत्रिक फाउल (धक्क्याबद्दल नव्हे, तर वागणुकीबद्दलचा फाउल) दिला. दोनच दिवसांनी दुसरा एक खेळाडू अगदी तसाच पडला, तर या वेळी समोरच्याच्या नावावर फाउल चढला. नवव्या इयत्तेत शिकणाऱ्या माझ्या मुलाने विचारले, "बाबा, नियम एकच आहे ना?" मला उत्तर देता आले नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : नियम एकच आहे. मात्र तो लागू होण्यापूर्वी तीन-चार चाळण्यांतून जातो आणि प्रत्येक चाळणीत काहीतरी गळते.

पहिली अडचण नियमाच्या शब्दांतच आहे. आपल्याविरुद्ध फाउल झाला असे पंचांना वाटावे, या हेतूने केलेली शारीरिक कृती म्हणजे फ्लॉपिंग, आणि हा हेतू कृतीचे स्वरूप, तिची वेळ आणि आजूबाजूची परिस्थिती यांवरून ओळखायचा आहे. हात लागला की नाही, पाय रेषेवर होता की नाही, या गोष्टी डोळ्यांना दिसतात. हेतू दिसत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय बहुतेक वेळा धक्का खरोखरच लागलेला असतो, फक्त त्याच्या मानाने पडणे पाचपट मोठे असते. अशा वेळी एकाच प्रसंगात समोरच्याला फाउल आणि पडणाऱ्याला फ्लॉपिंगचा दंड असे दोन्ही निर्णय देण्याची मुभा पंचांना आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकदम देण्याचे धैर्य फार थोड्या वेळा दिसते, कारण दोन्ही बाकांवरून एकाच वेळी ओरडा ऐकण्याची तयारी त्यासाठी ठेवावी लागते.

दुसरी चाळणी पंच कुठे उभा आहे याची. मैदानावर तीन पंच असतात. बास्केटखालच्या रेषेवर उभ्या असलेल्या पंचाला बचावपटूची छाती आणि आक्रमकाचा खांदा यांतले अंतर दिसू शकते. पाठीमागून येणाऱ्या पंचाला फक्त पाठ दिसते आणि मग कोसळलेला माणूस दिसतो. सराईत खेळाडू हे जाणतात आणि ज्या बाजूला धक्का झाकला जाईल त्याच बाजूच्या पंचासाठी पडतात.

आपल्या मुलाला चित्रफीत हळू गतीने दाखवा आणि पडणाऱ्याच्या हातांकडे पाहायला सांगा. ज्याला खरोखर अनपेक्षित धक्का बसतो, त्याचे हात बहुधा पुढेच राहतात किंवा तोल सावरायला धडपडतात. सोंग करणाऱ्याचे हात आधी आकाशाकडे उडतात आणि मग जमिनीला टेकण्यासाठी बरोबर वेळेवर मागे येतात. धक्का खांद्याला लागलेला असताना मान मागे झटकली जाते, आणि धक्का व पडणे यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते. शरीराने निर्णय घ्यायला घेतलेला तो वेळ असतो. पण ही फट घरी बसून तीनदा पाहिल्यावर सापडते. शिट्टी वाजवणाऱ्याला ती एकदाच आणि पूर्ण वेगाने दिसते.

तिसरी चाळणी मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती माणसाच्या नजरेची मर्यादा नसून नियम करणाऱ्यांनी स्वतः घातलेली आहे. जुलै २०२३ मध्ये एनबीएच्या संचालक मंडळाने फ्लॉपिंगसाठी सामन्यातच तांत्रिक फाउल देण्याचा नियम प्रथम एका हंगामापुरता मंजूर केला आणि तो पुढेही चालू राहिला. या नियमानुसार प्रतिस्पर्धी संघाला एक फ्री थ्रो (कोणीही न अडवता बास्केटमध्ये टाकायची एका गुणाची फेक) मिळतो आणि त्या वेळी मैदानावर असलेला त्यांचा कोणताही खेळाडू तो घेऊ शकतो. पंचांनी चालू खेळ लगेच थांबवलाच पाहिजे असे नाही; योग्य विराम मिळेपर्यंत ते थांबू शकतात. इथपर्यंत सगळे ठीक. परंतु केवळ फ्लॉपिंगच्या निर्णयावर प्रशिक्षकाला आव्हान देता येत नाही, म्हणजे तो चित्रफितीवर पुन्हा तपासायला लावता येत नाही. दुसऱ्या एखाद्या फाउलवर आव्हान दिले गेले किंवा पंच तो फाउल पडद्यावर तपासत असले, तर मात्र त्याच चित्रफितीत दिसलेल्या सोंगाला तिथल्या तिथे दंड करता येतो.

याचा परिणाम पाहा. दोन खेळाडू सारखेच पडले. एकाच्या बाबतीत शेजारच्या फाउलची तपासणी झाली म्हणून तो सापडला, दुसऱ्याच्या बाबतीत प्रशिक्षकाची आव्हानाची संधी आधीच संपली होती म्हणून तो सुटला. आपण ठाण्यात पाहिलेला फरक नेमका याच कारणाने पडला असेल असे मी म्हणत नाही, पण असे फरक पडण्याची सोय नियमातच आहे. ज्याला चुकून दंड झाला त्याला दाद मागायला जागा नाही, आणि ज्याच्या सोंगामुळे दुसऱ्याच्या नावावर फाउल चढला त्याचे सोंग उघडे पडणे योगायोगावर अवलंबून आहे. मुलाला एवढे नक्की सांगा, की त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

प्रश्न : इतके पैसे मिळवणाऱ्या खेळाडूंना फ्लॉपिंगबद्दल काही हजार डॉलरचा दंड करून काय साधते? हा दंड सर्वांना सारखा असतो, म्हणून तो न्याय्य आहे असे समजायचे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. पैशाच्या दंडाची पद्धत २०१२-१३ च्या हंगामात आली. तेव्हा मैदानावर काहीच होत नसे. सामना संपल्यावर चित्रफिती पाहून निर्णय होई. साखळी सामन्यांत पहिल्या वेळी फक्त ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर, मग १०,०००, १५,००० आणि पाचव्या वेळी ३०,००० डॉलर अशी चढती पायरी होती. त्यापुढे रक्कम वाढवण्याची किंवा सामन्यांतून बाहेर ठेवण्याची मुभा होती. पहिली ताकीद मिनेसोटाच्या जे. जे. बरेआला आणि क्लीव्हलंडच्या डोनाल्ड स्लोनला मिळाली, आणि पैशाचा पहिला दंड ब्रुकलिन नेट्सच्या रेगी एव्हन्सला झाला. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, ताकीद नव्हती; तिथे पहिल्याच वेळी ५,००० डॉलर.

आता सारखेपणाचा हिशेब करून पाहू. त्या हंगामात मायामी हीटच्या लेब्रॉन जेम्सचा पगार सुमारे १ कोटी ७५ लाख डॉलर होता. ८२ साखळी सामन्यांत तो वाटला तर एका सामन्याचे सुमारे २ लाख १४ हजार डॉलर होतात, म्हणजे ५,००० डॉलर हा एका सामन्याच्या कमाईचा चाळिसावा भागही नव्हे. त्याच वर्षी नवख्या खेळाडूचा किमान पगार सुमारे ४ लाख ७३ हजार डॉलर होता; त्याच्या एका सामन्याचे ५,८०० डॉलरच्या आसपास होतात. त्याच ५,००० डॉलरमध्ये त्याची जवळपास पूर्ण सामन्याची कमाई गेली. कागदावर दंड सारखा होता, पण एकाच्या खिशाला तो लागला आणि दुसऱ्याला कळलाही नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे "नाही" असे आहे.

मे २०१३ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत मायामी आणि इंडियाना यांच्या चौथ्या सामन्यानंतर जे घडले ते मला आजही आठवते. लेब्रॉन जेम्स आणि इंडियानाचा डेव्हिड वेस्ट जागेसाठी एकमेकांना रेटत होते. दोघेही धिप्पाड, दोघांपैकी एकालाही सहजी हलवता येणार नाही असे. आणि दोघेही एकाच प्रसंगात, जणू एकमेकांनी ढकलल्यासारखे, विरुद्ध दिशांना उडाले. चित्रफीत पाहून एनबीएने दोघांनाही प्रत्येकी ५,००० डॉलर दंड केला, आणि त्याच सामन्यातील दुसऱ्या प्रसंगासाठी इंडियानाच्या लान्स स्टिफन्सनलाही तेवढाच. जेम्स त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी त्याला सोडले नाही, याचे श्रेय द्यायला हवे. पण त्या दंडाने सामन्यातला एक गुणही बदलला नाही. काही दिवसांनी तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनीच मान्य केले, की सरासरी पगार ५५ लाख डॉलरच्या घरात असताना ५,००० डॉलरने कोणी थांबणार नाही.

याच्याही आदल्या वर्षी, म्हणजे दंडाची पद्धत येण्यापूर्वी, मे २०१२ मध्ये इंडियानाचे प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांनी मायामीच्या खेळाडूंना फ्लॉपिंगची फार सवय आहे असे मालिकेआधी जाहीरपणे म्हटले, तेव्हा त्यांना १५,००० डॉलर दंड झाला. सोंगाला त्या वेळी दंड नव्हता, सोंगाबद्दल बोलण्याला होता. प्रशिक्षकांनी पंचांवर आधीच दबाव आणू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. तरीही सोंगाला शून्य आणि बोलण्याला १५,००० डॉलर हे दोन आकडे शेजारी ठेवले की ज्याचे नुकसान झाले त्याचेच तोंड बंद केल्यासारखे वाटते, आणि ही भावना चुकीची आहे असे मी म्हणू शकत नाही.

मैदानावरच्या फ्री थ्रोचा दंड यापेक्षा खूप चांगला आहे, कारण तो फलकावर दिसतो आणि सहकाऱ्यांना जाणवतो. पण त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. एनबीएत फ्री थ्रो आत जाण्याचे सरासरी प्रमाण सुमारे ७८ टक्के आहे, म्हणजे पकडले गेल्यास नुकसान पाऊण गुणाचे. सोंग खपले आणि फेक करताना फाउल झाल्याचा निर्णय मिळाला, तर दोन फ्री थ्रो, म्हणजे दीड गुणाचा फायदा, आणि वर समोरच्याच्या सहा फाउलपैकी (सहा झाले की तो सामन्याबाहेर) एक फाउल खर्ची. दर तीन सोंगांपैकी एक खपले आणि दोन पकडली गेली तरी व्यवहार बरोबरीत सुटतो. प्रत्यक्षात पकडली जाणारी सोंगे याहून कितीतरी कमी आहेत, हे कोणीही एक आठवडाभर सामने पाहून स्वतः मोजू शकतो. तेव्हा दंडाची रक्कम वाढवण्याची मागणी करण्याआधी पकडले जाण्याची शक्यता वाढवण्याची मागणी केली पाहिजे. दंड लहान असला तरी तो हमखास होणार हे ठाऊक असेल, तर कोणी पडणार नाही.

प्रश्न : नामांकित खेळाडूंना पंच सांभाळून घेतात, असे इथे आमच्या मित्रमंडळींत सर्रास बोलले जाते. तुमचे मत काय? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पंच मुद्दाम कोणाला वाचवतात असा आरोप मी करणार नाही, कारण तो सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्यासमोर नाही. एक साधे कारण लक्षात घ्यावे. नामांकित खेळाडूच्या हातात चेंडू जास्त वेळ असतो, म्हणून त्याला धक्केही खरोखर जास्त बसतात. दहा वेळा खरा फाउल झालेला माणूस अकराव्या वेळी उगाच पडला, तर पंचाचे मन आधीच्या दहा वेळांकडे झुकते. राखीव बाकावरून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत असे झुकते माप मिळत नाही. हा पक्षपात हेतुपुरस्सर नसला तरी ज्याला त्याचा फटका बसतो त्याच्यासाठी तो पक्षपातच असतो.

यावर उपाय आपल्या शेजारीच आहे. न्यू जर्सीतील सिकॉकस येथे एनबीएचे चित्रफीत तपासणी केंद्र २०१४ पासून चालू आहे आणि तिथे प्रत्येक सामना अनेक कोनांतून दिसतो. अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतील निर्णय बरोबर होते की चूक, याचा अहवाल मार्च २०१५ पासून दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होतो. पंच कोणता फाउल द्यायला चुकले, हेही त्यात लिहिलेले असते. हीच पद्धत फ्लॉपिंगपुरती पूर्ण सामन्याला लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. पकडलेली सोंगे, निसटलेली सोंगे, आणि चुकून सोंग ठरवलेले खरे धक्के, असे तिन्ही प्रकार त्यात नावानिशी यावेत. मग नामांकितांना सवलत मिळते की नाही, हे आपल्या मित्रमंडळींना तर्काने ठरवावे लागणार नाही. अशा यादीने पंचांचा अधिकार कमी होईल अशी भीती काही जण घालतात. शेवटच्या दोन मिनिटांच्या अहवालामुळे शिट्टीचा अधिकार गेला नाही, तर पहिल्या शेहेचाळीस मिनिटांच्या अहवालामुळेही तो जाणार नाही.

प्रश्न : पडणे हा बचावाचाच भाग नाही का? पूर्वीचे खेळाडूही पडत असत. — एक वाचक, सांगली

उत्तर : आक्रमकाच्या मार्गात आधी येऊन, पाय रोवून, त्याचा धक्का छातीवर घेणे हा उत्तम बचाव आहे, आणि त्यात माणूस पडतोच. तो धक्का घ्यायला धैर्य लागते. म्हणून तर सोंग जास्त बोचते, कारण जो खरा धक्का घेतो त्याच्याकडेही पंच संशयाने पाहू लागतात. आपण म्हणता तसे हे जुनेच आहे. बोस्टन सेल्टिक्सच्या फ्रँक रॅम्सीने १९६३ मध्येच एका क्रीडा साप्ताहिकात फाउल मिळवण्याच्या आपल्या युक्त्या उघडपणे सांगितल्या होत्या, आणि पुढे सर्बियाच्या व्लादे दिवाचचे नाव तर या कलेशी कायमचे जोडले गेले. नियमही त्यानुसार बदलत आले. बास्केटखाली चार फूट त्रिज्येची अर्धवर्तुळाकार रेषा १९९७-९८ मध्ये आली, ती तिथे आयत्या वेळी येऊन धक्का घेणाऱ्या बचावपटूंना आळा घालण्यासाठी. २०२१-२२ पासून चेंडू फेकताना मुद्दाम पाय बाहेर काढून किंवा बाजूला उडी मारून बचावपटूला अडकवणाऱ्या आक्रमकांच्या बाजूने फाउल देणे बंद झाले. हा शेवटचा बदल मला सर्वांत पटतो. त्यात दंडाचा प्रश्नच येत नाही, कारण फायदाच मिळत नाही.

प्रश्न : मी नुकताच जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करू लागलो आहे. मुले एनबीए पाहून पडायला शिकली आहेत. दंड करावा तर पालक अंगावर येतात, न करावा तर दुसऱ्या संघावर अन्याय होतो. मी काय करावे? — एक तरुण पंच, कोल्हापूर

उत्तर : आपले सामने फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात, हे पहिल्यांदा मुलांना आणि पालकांनाही सांगा. फाउल झाल्याचा बनाव करणे हे फिबाच्या नियमांतही तांत्रिक फाउलचे कारण आहे, आणि इथे तो जास्त जड आहे. एनबीएत फ्लॉपिंगच्या तांत्रिक फाउलमुळे खेळाडूला मैदानाबाहेर काढले जात नाही आणि तो त्याच्या वैयक्तिक फाउलमध्येही मोजला जात नाही. फिबाच्या नियमांत तो खेळाडूला सामन्याबाहेर काढणाऱ्या पाच फाउलमध्ये धरला जातो, आणि तांत्रिक फाउल दोन झाले तर उरलेल्या सामन्यातून त्याला बाहेर जावे लागते. मुलांना हा फरक माहीत नसतो.

मी स्वतः बरीच वर्षे शिट्टी वाजवली आहे. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी आक्रमकाविरुद्ध फाउल दिला. तो त्याचा पाचवा होता. रडत बाहेर गेला. रात्री एका पालकाने मोबाइलवर घेतलेले चित्रण मला दाखवले. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर होते. बचावपटू स्वतःच मागे पडला होता आणि पडता पडता त्याने माझ्याकडे पाहिले होते. तो सामना मी परत आणू शकलो नाही. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, पडणाऱ्याकडे न पाहता ज्याच्यावर आरोप होणार आहे त्याच्या खांद्याकडे आणि कोपराकडे पाहायचे. त्याने काही केले नसेल तर समोरचा कितीही जोरात पडो, शिट्टी वाजवायची नाही. दोन, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना एकत्र बोलावून, आज बनाव दिसला तर काय करणार आहे, हे एका वाक्यात सांगायचे, आणि पहिल्या मिनिटाला जे केले तेच शेवटच्या मिनिटाला करायचे.

पालकांचा राग बहुधा दंडाबद्दल नसतो. मघाशी दुसऱ्याला सोडले आणि आता आमच्या मुलाला पकडले, हा त्यांचा राग असतो, आणि तो बऱ्याचदा खरा असतो. तुमच्याबरोबरच्या दुसऱ्या पंचाशीही आधी बोलून घ्या, कारण एकाने दंड करायचा आणि दुसऱ्याने कानाडोळा करायचा, असे झाले तर मुलांना दोन वेगवेगळे सामने खेळल्यासारखे वाटते. जिल्ह्यातील पंचांच्या पुढच्या शिबिरात खऱ्या धक्क्याची एक आणि सोंगाची एक अशा दोन चित्रफिती घेऊन जा, आणि सर्वांना शिट्टीचा निर्णय आधी कागदावर लिहायला सांगून मगच चर्चा सुरू करा. किती कागद एकसारखे निघाले, ते मला अवश्य कळवा.